टर्बो की सुपरचार्जर? आधी गिअरचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे : जुनी फोर-बाय-फोर, २.७ लिटरचे चार सिलिंडरचे साधे पेट्रोल इंजिन, कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरात मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण) ९.५. मूळ टायर ०.७४ मीटर व्यासाचे होते, त्यांच्या जागी ०.८४ मीटरचे बसवले. पुढे विंच, वर कॅरिअर, सामानासह वजन दोन टनांच्या घरात. आता गाडी ओढत नाही. दगडांवर चढताना इंजिन बंद पडते, वाळूत दम तुटतो, उंच डोंगरातल्या रस्त्यांवर ट्रकच्या मागे रांगावे लागते. टर्बो बसवावा की सुपरचार्जर? दोन्ही इंजिनात जास्तीची हवा दाबून भरतात, त्या जास्तीच्या दाबाला बूस्ट म्हणतात. टर्बो एक्सॉस्टच्या वायूवर फिरतो, सुपरचार्जर इंजिनाच्या पट्ट्यावर.

तक्रार एकच वाटली तरी ही तीन वेगळी दुखणी आहेत. त्यांतल्या पहिल्यावर टर्बो आणि सुपरचार्जर दोन्ही निरुपयोगी आहेत, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

दगडांवर गाडी चालते ती गिअरवर. पहिला गिअर ४.०, लो-रेंज (फोर-बाय-फोरची जादा हळू गिअरजोडी) २.७ आणि डिफरन्शियल (ॲक्सलवरचा शेवटचा गिअर) ४.१ असे धरले तर गुणाकार सुमारे ४४ येतो. इंजिन मिनिटाला १२०० फेऱ्यांवर असताना मोठ्या टायरवरही गाडी ताशी जेमतेम सव्वाचार किलोमीटर सरकते. तेवढ्या फेऱ्यांवर इंजिनाने १८० न्यूटन-मीटर टॉर्क दिला आणि वाटेतल्या घर्षणात १५ टक्के गेला, तरी टायर जमिनीला सुमारे १६,००० न्यूटन जोराने ढकलतात. आता तीस अंशांचा चढ घ्या. दोन टनांची गाडी वर ओढायला साधारण ९,८०० न्यूटन लागतात. आणि पकड ०.७ धरली तर त्या चढावर टायर जास्तीत जास्त १२,००० न्यूटनच्या आसपास जोर सोसतील. त्यापुढे ते घसरणार. म्हणजे टायर जितका जोर जमिनीवर उतरवू शकतो त्याहून जास्त जोर तुमचे इंजिन आजच देते आहे. त्यात बूस्टची भर घातली तर चाक आणखी लवकर फिरेल, एवढेच.

मग इंजिन बंद का पडते? टायर साडेतेरा टक्क्यांनी मोठे झाले, आणि गिअरिंग तेवढेच उंच झाले, म्हणजे चाकांवरचा जोर घटला. शिवाय बहुतेक चालक दगडांवर फेऱ्या ८००–९०० पर्यंत खाली जाऊ देतात आणि तिथे या इंजिनात काही उरलेलेच नसते. मूळ प्रमाण परत आणायला ४.१ चे डिफरन्शियल ४.६५ च्या आसपास न्यावे लागेल. बाजारात सहसा ४.५६ किंवा ४.८८ चे क्राउन-पिनियन (डिफरन्शियलमधली गिअरची जोडी) मिळतात. वाढलेले वजन पाहता मी ४.८८ घेईन. पुढचा आणि मागचा दोन्ही ॲक्सल एकदम बदलायचे, हे वेगळे सांगायला नको. जपानमध्ये विकली जाणारी सुझुकीची ६६० सीसीची जिम्नी बघा. टर्बो असूनही तिचा टॉर्क ९६ न्यूटन-मीटर आहे, तरी लो-रेंजमध्ये तिला दगडांवर कोणी कमजोर म्हणत नाही.

गिअर बदलल्यावर निम्मी तक्रार जाते, असा माझा अनुभव आहे. टर्बो मागायला आलेले बरेच जण इथेच थांबतात, आणि ते योग्यच असते.

वाळूची गोष्ट खरोखर वेगळी आहे. पक्क्या रस्त्यावर चाकाला होणारा अवरोध वजनाच्या एक-दीड टक्का असतो, तर मऊ वाळूत तो वीस टक्के किंवा त्याहूनही वर जातो. दोन टनांची गाडी मऊ वाळूत ताशी ४० किलोमीटरने न्यायची तर नुसता वाळूचा अवरोध तोडायला चाकांवर ४४ किलोवॉट लागतात. समोर दहा अंशांचा चढ आला की आणखी ३८. मधला तोटा धरून इंजिनाकडून १०० किलोवॉट हवेत, तेही सलग, टेकडीचा माथा येईपर्यंत. तुमचे इंजिन चांगल्या अवस्थेत ११० च्या आसपास देत असेल आणि तेही ५००० फेऱ्यांच्या पुढे. इथे गिअर काही नवीन ताकद निर्माण करत नाही. ताकद म्हणजे हवा आणि इंधन. म्हणून वाळूत बूस्टला खरा अर्थ आहे. अर्थात टायरमधली हवा उतरवून अवरोध आधी कमी करायचा. ते न करता टर्बोची चर्चा करणाऱ्याशी मी बोलत नाही.

उंचीचेही तसेच. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल असतो, ४००० मीटरवर तो ६२ वर येतो. हवा तिथे थंड असते म्हणून घनता थोडी सावरते, तरी साध्या इंजिनाची एक-तृतीयांश ताकद गेलेली असते. टर्बो आणि सुपरचार्जर यांच्यातला फरक इथे सर्वांत स्पष्ट दिसतो. सुपरचार्जर क्रँकशाफ्टला पट्ट्याने बांधलेला असतो, त्यामुळे तो आत येणाऱ्या हवेचा दाब एका ठरावीक पटीतच वाढवतो. खाली १०० चे १५० करत असेल, तर ४००० मीटरवर ६२ चे ९३ करील. म्हणजे बूस्ट असूनही इंजिन जेमतेम समुद्रसपाटीच्या साध्या इंजिनाइतके होते. टर्बोचे तसे नाही. त्याचा वेस्टगेट (बूस्ट मर्यादेत ठेवणारी झडप) साध्या स्प्रिंगचा असेल, तर तो बाहेरच्या दाबापेक्षा ५० ने जास्त, म्हणजे ११२ देईल. त्यासाठी टर्बोचे चाक जास्त वेगाने फिरेल. आणि इंजिनाच्या संगणकाने खालचेच १५० गाठायचे ठरवले, तर दाबाची पट १.५ वरून २.४ वर जाईल. टर्बोचे चाक तसेही मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेत असते. त्याला एवढे आणखी पळवले तर हवा तापते आणि बेअरिंगचे आयुष्य सरते. डोंगरासाठी टर्बो निवडलात तर ट्यूनिंग करणाऱ्याला हा एकच प्रश्न आधी विचारा : उंचीवर बूस्ट कापण्याची सोय संगणकाच्या नकाशात (ट्यूनिंगच्या तक्त्यात) घातली आहे का? उत्तर देताना तो अडखळला तर दुसरा माणूस शोधा.

आता प्रकारांविषयी. सुपरचार्जर म्हटले की लोक सगळे एकाच माळेत ओवतात, आणि ऑफ-रोडसाठी ते महागात पडते. रूट्स प्रकारात दोन लोबवाले रोटर एका फेऱ्यात ठरावीक हवा पुढे ढकलतात. मुळात हे यंत्र रूट्स बंधूंनी १८६० मध्ये पेटंट केले तेव्हा ते भट्ट्यांना हवा पुरवण्यासाठी होते. ट्विन-स्क्रू त्याचाच सुधारलेला भाऊ. तो हवा आतल्या आत दाबत नेतो म्हणून कमी तापवतो. या दोन्हींमध्ये १५०० फेऱ्यांवरही जवळपास पूर्ण बूस्ट असतो. पाय ठेवला की ओढ, पाय काढला की शांत. तिसरा प्रकार सेंट्रिफ्यूगल. दिसायला टर्बोच्या कॉम्प्रेसरसारखा, पण पट्ट्यावर चालणारा. त्याचा बूस्ट फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे निम्म्या फेऱ्यांवर फक्त पाव बूस्ट. रेसट्रॅकवर ठीक आहे. ऑफ-रोडला जिथे गरज, तिथे तो झोपलेला असतो. कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

टर्बोचा दोष सर्वांना माहीत आहे, लॅग, म्हणजे पाय दिल्यापासून बूस्ट येईपर्यंतचा उशीर. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्ये टर्बोचे पेटंट घेतले तेव्हापासून टर्बाइनच्या जडत्वाशी भांडण चालू आहे. रस्त्यावर अर्ध्या सेकंदाचा लॅग जाणवला तरी बिघडत नाही. वाळूच्या टेकडीच्या माथ्यावर पाय काढावाच लागतो, पलीकडे काय आहे ते दिसत नसते, आणि पुन्हा पाय दिल्यावर बूस्ट यायला वेळ लागला तर गाडी तिथेच रुतते. दुसरा त्रास उलटा आहे. निसरड्या चिखलात हळूच पाय दाबत असताना २२०० फेऱ्यांवर अचानक टॉर्क येतो आणि चाक सुटते. यावर उपाय म्हणजे टर्बो छोटा घेणे, १८०० फेऱ्यांपर्यंत दाब बांधणारा. वरच्या फेऱ्यांत त्याचा श्वास कोंडेल, कोंडू द्या. किट विकणारे कमाल हॉर्सपॉवरचा आकडा मोठ्या अक्षरात छापतात. तुम्ही २००० फेऱ्यांवरचा टॉर्क विचारा. ट्विन-स्क्रोल हाउसिंग (टर्बाइनकडे एक्सॉस्टच्या दोन वेगळ्या वाटा) मिळाले तर उत्तम, त्यात सिलिंडरांच्या एक्सॉस्टचे ठोके एकमेकांना मारत नाहीत आणि टर्बाइन लवकर जागते.

सुपरचार्जरही फुकट चालत नाही. ११० किलोवॉटचे इंजिन १५० वर नेताना हवा दाबण्यासाठीच नऊ-दहा किलोवॉट पट्ट्यातून जातात, आणि ते पेट्रोलच्या खात्यात लिहिले जातात. टर्बो सोडून दिलेल्या गरम वायूवर चालतो, तरी एक्सॉस्टमध्ये अडथळा निर्माण होतोच. पण लांबच्या प्रवासात, जिथे पेट्रोल कॅनमधून न्यायचे आहे, तिथे टर्बोचा हिशेब बरा पडतो.

मोठ्या कंपन्यांनाही एकच उत्तर सापडलेले नाही. फोर्डने २०१७ च्या एफ-१५० रॅप्टरमध्ये मोठे व्ही-८ काढून ३.५ लिटरचे दोन टर्बोंचे इंजिन घातले. रॅमने २०२१ मध्ये टीआरएक्सला ६.२ लिटरचे सुपरचार्जरवाले व्ही-८ दिले, ७०२ हॉर्सपॉवरचे. मग फोर्डनेही रॅप्टर-आर काढली तीत सुपरचार्जर. काम एकच, वाळवंटात जोरात पळणे. लँड रोव्हरने तर काही इंजिनांत टर्बोच्या जोडीला ४८ व्होल्टचा विजेवर फिरणारा कॉम्प्रेसर बसवला. ते मूळ कारखान्यातच शोभते, गॅरेजमध्ये त्याच्या मागे लागू नका.

आता उष्णता. माझ्या मते ऑफ-रोड बूस्टचा निकाल इथेच लागतो. हवा दाबली की तापते. बाहेर तीस अंश असताना दीडपट दाब केला, तर ७० टक्के कार्यक्षमतेच्या टर्बोमधून हवा ८३ अंशांना बाहेर पडते. ५५ टक्क्यांच्या रूट्समधून जवळपास शंभर अंशांना. तापलेली हवा विरळ असते. म्हणून दाब पन्नास टक्के वाढला तरी प्रत्यक्षात हवा टर्बोमध्ये २८ टक्के आणि रूट्समध्ये २२–२३ टक्केच वाढते. इंटरकूलरने (दाबलेली हवा थंड करणाऱ्या रेडिएटरने) ती पन्नास अंशांवर आणली तर वाढ चाळीस टक्क्यांवर जाते. रस्त्यावर हे सोपे आहे, समोरून वारा येत असतो. वाळूत मात्र गाडी ताशी वीसने चालते, इंजिन पूर्ण जोरात असते, वारा पाठीमागून येतो, पुढे विंच आणि दिव्यांनी जाळी झाकलेली, आणि इंटरकूलर रेडिएटरच्या समोर उभा राहून त्याचीही हवा अडवतो. दोन-तीन टेकड्यांनंतर इंटरकूलर स्वतःच तापलेला लोखंडी ठोकळा होतो. म्हणून ऑफ-रोडला त्याला स्वतःचा पंखा हवा. पाण्याचा इंटरकूलर थोडा वेळ फार छान काम करतो, पण त्याचे पाणी एकदा तापले की थंड व्हायला वेळ घेते. टाकी मोठी ठेवा. इंजिनाचा पट्ट्यावरचा मूळ पंखा काढून हलका इलेक्ट्रिक बसवायचा मोह टाळा. आणि गाडी ऑटोमॅटिक असेल तर बूस्टच्या आधी गिअरबॉक्सच्या तेलाचा वेगळा कूलर लावा. टॉर्क कन्व्हर्टर (क्लचच्या जागी असणारा तेलाचा जोड) वाळूत सतत घसरत असतो, तेल १२० अंशांच्या वर गेले की वेगाने खराब होते.

या तापण्याचा दुसरा परिणाम म्हणजे नॉकिंग, सिलिंडरातले मिश्रण आपोआप भडकून बसणारे ठोके. पेट्रोल इंजिनात नॉकिंगला सर्वांत पोषक स्थिती कोणती? कमी फेरे, पूर्ण भार, गरम हवा, कमी ऑक्टेनचे पेट्रोल. ही ऑफ-रोडचीच व्याख्या झाली. त्यात खडखडाटामुळे नॉक सेन्सरही गोंधळू शकतो. साडेनऊ कॉम्प्रेशनवर ०.४ बार (एक बार म्हणजे १०० किलोपास्कल), फार तर ०.५, त्यावर जायचे असेल तर पिस्टन बदलायची तयारी ठेवा. आणि ट्यूनिंग वाटेत मिळणाऱ्या सर्वांत वाईट पेट्रोलवर करा, घराजवळच्या चांगल्या पंपावरच्या पेट्रोलवर नको. बूस्टमध्ये हवा-इंधनाचे प्रमाण ११.५ ते १२ ठेवावे लागते. १५० किलोवॉटचे लक्ष्य असेल तर चार सिलिंडरांना प्रत्येकी मिनिटाला साधारण ३५० सीसी देणारे इंजेक्टर लागतात. मूळ मॅप सेन्सर (आत जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) बाहेरच्या दाबापर्यंतच वाचतो, त्याला बूस्ट दिसतच नाही. तो बदलावा लागतो. बूस्ट आल्यावर मधल्या डबीतून खोटा सिग्नल देऊन भागवणारी किट मला पसंत नाहीत.

पेट्रोल पंपाबाबत एक गोष्ट रस्त्यावरच्या ट्यूनिंगवाल्यांच्या लक्षात येत नाही. टाकी पाव भरलेली, गाडी कुशीवर कललेली, आणि पूर्ण बूस्ट. पंपाने क्षणभर हवा ओढली की मिश्रण पातळ होते. साध्या इंजिनात गाडी नुसती झटका देते. बूस्टमध्ये पिस्टनचा माथा वितळतो. छोटी सर्ज टँक (पंपाला सतत पेट्रोल देणारी जादा टाकी) लावली की हा प्रश्न मिटतो.

कलण्याचा त्रास टर्बोला आणखी एका जागी होतो. त्याच्या बेअरिंगमधून बाहेर पडणारे तेल कोणत्याही दाबाशिवाय, नुसते खाली वाहत जाऊन चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीत) पडते. ती नळी जाड हवी, कुठेही वर न वळणारी हवी आणि उभ्या रेषेपासून साधारण ३५ अंशांच्या आत हवी. सपाट रस्त्यावर नीट वाटणारी नळी तीव्र उतारावर आडवी होते, तेल तुंबते, सीलमधून आत जाते आणि सायलेन्सरमधून निळा धूर येतो. लोक टर्बो खराब झाला म्हणून बदलतात. खरे तर नळीचीच जागा चुकलेली असते. टर्बो शक्यतो उंच बसवा. जोरात वाळू तुडवून आल्यावर एक-दोन मिनिटे इंजिन तसेच चालू ठेवा, नाहीतर बेअरिंगमध्ये तेल जळून कोळसा होते. पाण्याने थंड होणारे मधले घर असेल तर ही काळजी कमी होते, संपत नाही.

पाण्यातून जाताना दोन्ही प्रकारांची दुखणी वेगळी आहेत. लालबुंद मॅनिफोल्ड आणि टर्बाइनचे घर थंड पाण्यात बुडाले की बीडाला तडा जातो, स्टड तुटतात. ओढा पार करण्याआधी थांबून गाडी थंड होऊ द्या. इंटरकूलरच्या खालच्या पाइपचा क्लॅम्प ढिला असेल तर बूस्टमध्ये तिथून हवा फुसकते, आणि पाय काढून बूस्ट उतरला की पाण्यात बुडालेला तोच पाइप पाणी आत घेऊ शकतो. पुढचे सांगायला नको. सुपरचार्जरला उष्णतेचे एवढे भय नाही, पण त्याचा पट्टा चिखलात घसरतो. तोच पट्टा पाण्याचा पंप आणि अल्टरनेटर फिरवत असेल तर बूस्टबरोबर बाकीचेही जाते. पट्टा ताणणारा टेन्शनर जोरदार हवा, चिखल अडवणारे झाकण हवे, आणि एक पट्टा गाडीत असायलाच हवा.

धूळ थोडक्यात : कागदी फिल्टर, मोठा, स्नॉर्केलसह (छताजवळून हवा घेणारी नळी). तेल लावलेले कापडी फिल्टर धुळीच्या प्रदेशात मी वापरत नाही. फिल्टर आणि टर्बो यांच्यामधल्या होजला बारीकशी चीर असली तरी कॉम्प्रेसरच्या पात्यांच्या कडा वाळूने घासून जातात.

क्लच, ड्राइव्हशाफ्ट, ॲक्सल यांवर काय होते ते तुम्ही ओळखलेच असेल. मोठे टायर आणि वाढलेला टॉर्क एकत्र आले की सर्वांत कमकुवत दुवा तुटतो. बहुतेक वेळा चाक हवेत फिरत असताना अचानक पकड मिळते त्या क्षणी. क्लच आधी बदला.

तुमची गाडी डिझेल असती तर हे उत्तर चौथाई झाले असते : टर्बो, दुसरा विचार नको. डिझेलला पेट्रोलसारखे नॉकिंग नाही, थ्रॉटल नाही, जास्तीची हवा त्याला मानवते. पण तिथेही मर्यादा आहे. टोयोटाचे ४.२ लिटरचे १एचझेड हे साधे, प्री-चेंबरचे (इंधन आधी छोट्या कप्प्यात पेटते असे), २२.४ कॉम्प्रेशनचे इंजिन. त्याला बाहेरून टर्बो लावण्याची प्रथा जुनी आहे. कंपनीने स्वतः टर्बो दिला तेव्हा मात्र १एचडी-टी हे वेगळे, थेट इंजेक्शनचे, १८.६ कॉम्प्रेशनचे इंजिन केले. साध्या इंजिनाला टर्बो लावून वर इंधन वाढवले की एक्सॉस्टचे तापमान चढते आणि हेडला तडे जातात. टर्बाइनच्या आधी तापमापक लावा आणि सलग चढावर ७०० अंशांच्या आत राहा.

तुमच्यासाठी माझा सल्ला असा. आधी ४.८८ चे गिअर आणि एक हंगाम तसेच चालवा. त्यानंतरही वाळूतच कमी पडत असेल आणि तुमच्या इंजिनासाठी तयार, बसवून तपासलेले रूट्स किंवा ट्विन-स्क्रू किट मिळत असेल, तर ते ०.४ बारवर, इंटरकूलरसह. टोयोटाच्या ३.४ लिटर व्ही-६ साठी कंपनीच्याच टीआरडी विभागाने असे रूट्स किट विकले होते, तशा प्रकारचे. त्यात इंटरकूलर नव्हता, तुम्ही तो सोडू नका. फिरणे मुख्यतः तीन हजार मीटरच्या वर असेल तर छोटा टर्बो. दोन्ही बाबतींत डॅशबोर्डवर बूस्ट, वाइडबँड (हवा-इंधनाचे प्रमाण) आणि आत जाणाऱ्या हवेचे तापमान दाखवणारे तीन गेज आधी, बूस्ट नंतर. इंजिनातला असा बदल नोंदणी, प्रदूषण चाचणी आणि विम्यात चालतो का, तेही किट मागवण्याआधी पाहून घ्या.

आणि त्याही आधी गरम इंजिनावर चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मोजून आकडे कळवा. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त मागे असेल, तर बूस्टचे पैसे त्या इंजिनाच्या दुरुस्तीला लागणार आहेत.